चिंचोके

मोंडकर साहेबांना संध्याकाळपर्यंत एक वाक्य हवंय:
पिवळा कागद चांगला.

प्रश्न विहिरीचा होता,
पाणी कोणत्या महिन्यात मचूळ होतं, एवढाच.
बांधवाडीत गेले पिवळे कागद, शहाण्णव,
वर माझ्या अक्षरात दोन ओळी.
खाडीपलीकडे जुवेवाडीत पांढरे, अठ्ठ्याऐंशी,
वर शिक्का आणि जावक क्रमांक.
पिवळे परत आले एकेचाळीस, पांढरे एकतीस.
शेकडा साडेसात जास्त, साहेब म्हणाले, लिहा.

मी लिहिलं नाही.
घरी आले, फळीवरचा चिंचोक्यांचा डबा उतरवला.
परत आलेल्यांचे ठेवले तसेच, तांबूस काळे,
न आलेल्यांचे पायरीवर घासले पांढरे होईतो.
एकशे बारा.
बोटाची साल गेली.
प्रत्येकावर घराचा नंबर.

मग मडकं. न बघता एक काढायचा,
वहीत रेघ मारायची, आणि तो परत आत.
परत आत, हे महत्त्वाचं.
भाचा म्हणाला, मावशी, ही लबाडी. निघाला तो बाद.
त्याला कसं सांगू, दुसरी बांधवाडी मला कोण देणार,
आहे तीच ढवळून बघायची,
वेगळ्या सोमवारी, वेगळ्या भरतीला कागद गेले असते
तर कितीजणांनी पेन शोधलं असतं.

शहाण्णव वेळा. दुसऱ्या मडक्यातून अठ्ठ्याऐंशी वेळा.
मग टक्के, मग वजाबाकी.
पहिल्या फेरीत पिवळा अकराने वर,
दुसरीत दोनाने,
तिसरीत पांढरा पुढे गेला आणि भाचा हसला.
घर सत्तावन्न, फिलोमिना डिसोजा,
एकाच फेरीत चारदा हाताला लागली,
चारही वेळा पांढरी,
जशी चारदा कडी वाजवली आणि चारदा कुलूप.
तिच्या शेजारचे बावतीस एकदाही वर आले नाहीत.

रात्री अकरापर्यंत सात फेऱ्या.
बाकीच्या सकाळी संगणकाने केल्या, दहा हजार,
चहा निवायच्या आत.
थोडा राग आला मला त्याचा.

वजाबाक्या चढत्या क्रमाने लावल्या,
खालच्या अडीचशे सोडल्या, वरच्या अडीचशे,
उरलं ते वजा साडेसहापासून साडेएकवीसपर्यंत.
पुस्तकात याला विश्वास अंतराल म्हणतात.
मला नांगरलेली होडी दिसते,
दोर जेवढा, तेवढं तिचं अंगण,
भरतीला तोंड समुद्राकडे, ओहोटीला गावाकडे,
आणि शून्याचा खडक त्या अंगणातच.

म्हणजे पिवळा चांगला की नाही?
असेलही, साहेब. कल तिकडेच आहे.
पण एवढ्या कागदांवर शपथ घेता येत नाही.
मग सहा महिने काय केलंत?

शनिवारी तरीतून पलीकडे गेले,
खिशात जुवेवाडीचे पांढरे चिंचोके.
सुलभा खवळे म्हणाली,
माका वाचूक येता गो, पण तुमी सही मागलास.
सही केली की घरपट्टी वाढता.
एका घरात माझाच कागद, त्यात सुकट बांधलेली.
पुढच्या घरी म्हातारी जाळं शिवत होती,
वर न बघता म्हणाली,
आमची बाव गोडीच आसा.
गोड्या पाण्याक कागद कित्याक?

तिथेच पायरीवर बसले.
ज्यांचं पाणी गोड, ते लिहीतच नाहीत;
पिवळ्यावर नाही, पांढऱ्यावर नाही.
मडक्यात मी कागद घातले होते, पाणी नव्हतं घातलं.
दहा हजार काय, दहा लाख वेळा ढवळून
हे वर आलं नसतं.

तिने उठून तांब्या भरून दिला.
प्यायले. खरंच गोड.
चिंचोक्याच्या पांढऱ्या अंगावर, नंबराखाली,
जागा होती तेवढ्यात लिहिलं: चौदा मे.